बिनदाराची बस

कागद नीट वाचावा, हे मला लहानपणापासून शिकवलं होतं. वाचून झाल्यावर तो कुठे ठेवून द्यावा आणि स्वतःचं डोकं कधी वापरावं, हे मात्र कोणी शिकवलं नाही. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

मी फेरेती. सामोआच्या राजधानीत, आपियाच्या जमीन-नोंदणी कचेरीत एकोणीस वर्षं कारकून होतो. कचेरीत कॉम्प्युटर आला आणि मी आणि माझा टाइपरायटर एकाच दिवशी बाहेर पडलो. (टाइपरायटरला निदान साहेबांच्या दिवाणखान्यात शोभेची जागा मिळाली.) मला जागा मिळाली सासूबाईंच्या बसमध्ये, ड्रायव्हरच्या सीटवर. इतरांच्या बसा लाकडी, आमची पत्र्याची, कारण सासूबाईंना वाळवीचा भयंकर राग. रंग गुलाबी-पिवळा आणि कपाळावर फुलांच्या वेलीत नाव, 'फुआतिनोचा विजय'. फुआतिनो म्हणजे सासूबाई. विजय कोणावरचा ते लिहिलेलं नाही, पण घरात सगळ्यांना माहीत आहे.

त्या वर्षी सरकारने ठरवलं की, सगळ्या सामोआने रस्त्याची उजवी बाजू सोडून डाव्या बाजूने गाड्या चालवायच्या. ऑकलंडला आणि ब्रिस्बेनला राहणाऱ्या आमच्या भावाबहिणींना तिकडच्या जुन्या गाड्या स्वस्तात इकडे पाठवता याव्यात म्हणून. कायदा झाला, मुहूर्तही निघाला. सप्टेंबरातला सोमवार, सकाळी सहा. मी घरात जाहीर केलं, "असलं काही होत नसतं. पुढे ढकलतील." हे मी एकोणीस वर्षांच्या सरकारी अनुभवावरून सांगत होतो. त्या अनुभवावर विसंबून आम्ही शेवटच्या आठवड्यापर्यंत बसच्या दाराला हात लावला नाही.

दार हीच तर अडचण होती. आमच्या बसला एकच दार, तेही उजव्या अंगाला. ड्रायव्हरही त्यातूनच आत शिरायचा. सोमवारपासून बस डावीकडून धावणार, म्हणजे ते दार भर रस्त्यात उघडणार आणि म्हाताऱ्या बायका टोपल्या सावरत थेट समोरून येणाऱ्या ट्रकच्या पुढ्यात उतरणार. वाहतूक खात्याचा कागद आला, शनिवारी दुपारी तीन वाजता बाजाराजवळच्या आवारात तपासणी. पास झालात तर परवाना, नाही तर तुमचा मार्ग दुसऱ्या बसला.

कागद ऐकून सासूबाईंनी हातातला विणायचा पंखा खाली ठेवला. त्यांनी पंखा खाली ठेवला की घरातली कुत्रीसुद्धा बाहेर जातात.

"फेरेती, परवाना मिळाला तर ड्रायव्हरची सीट तुझी. नाही मिळाला तर सोमवारपासून तू तारोच्या मळ्यात. गवत उपटायला माणूस हवाच आहे." (तारो म्हणजे आमच्याकडचा अळूचा कंद.)

"आई, मला पाठीचा त्रास आहे."

"म्हणूनच सांगतेय, परवाना आण."

माझी बायको पेपे बाजूलाच होती. पेपेकडेही बस चालवायचं लायसन्स आहे. ती ते कधी बोलून दाखवत नाही, नुसतं पर्समध्ये ठेवते. त्याचीच मला जास्त धास्ती.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. काळजीने अन्न गोड लागेना. (पेपेचं म्हणणं, मी रोज दोनदा वाढून घेत होतो. पण काळजीचं खाणं वेगळं.) संध्याकाळी मळ्याच्या वाटेवर बस नेऊन मी डाव्या बाजूचा सराव करायचो. ती वाट जेमतेम एका बसच्या रुंदीची, त्यामुळे सराव नेमका कोणत्या बाजूचा झाला हे सांगणं कठीण. पण तोंडाने मी सतत "डावी, डावी, डावी" घोकत होतो. जेवताना डाव्या हाताने खाऊ लागलो तेव्हा पेपेने ताट काढून घेतलं.

आपियातले सगळे वेल्डर बसची दारं कापण्यात गुंतले होते. शेवटी पेपेचा चुलतभाऊ पेनिआमिना शनिवारी सकाळी अकराला यायला तयार झाला. आला, गॅसची टाकी उतरवली, बसभोवती एक फेरी मारली.

"फेरेतीभाऊ, आधी डावीकडे नवं दार कापतो. मग जुनं बंद करतो."

मी खिशातून खात्याचा कागद काढला. "कलम एक. उजवीकडील दार कायमचे बंद केलेले असावे. कलम दोन. डावीकडे नवे दार असावे. एक आधी येतं की दोन?"

"अरे, ते लिहायला एक-दोन असतं."

"पेनिआमिना, एकोणीस वर्षं मी कागद हाताळलेत. एक पूर्ण झाल्याशिवाय दोनला हात लावायचा नसतो. तपासनीस येतो तो याच क्रमाने येतो."

"माझं काय जातं," तो म्हणाला. "आत कोणी नाही ना?"

"आत कोण असणार?"

ठिणग्या उडाल्या. पाऊण तासात जुनं दार पत्र्यात असं मिसळून गेलं की, तिथे कधी दार होतं हे सांगून खरं वाटलं नसतं. मी कागदावर कलम एकसमोर पेन्सिलने बरोबरची खूण केली. त्या आठवड्यात मला पहिल्यांदाच बरं वाटलं. ते पाच सेकंद टिकलं असेल.

पेनिआमिना डाव्या बाजूला गेला, बत्ती पेटवली. ती फुस्स झाली. पुन्हा पेटवली. पुन्हा फुस्स.

"गॅस संपला," तो म्हणाला. "तुझं कलम एक फार जाड होतं."

आणि तेवढ्यात बसच्या आतून आवाज आला, "कोण रे तिकडे ठोकतंय?"

सासूबाई. कामावर नजर ठेवायची म्हणून त्या दहालाच बसमध्ये जाऊन बसल्या होत्या, आणि नजर ठेवता ठेवता मागच्या लांब बाकावर आडव्या झाल्या होत्या. आता त्या बसभर फिरून दार शोधत होत्या. मी बाहेरून त्यांच्या बरोबरीने चालत होतो.

"फेरेती, दार कुठे गेलं?"

"आई, ते... कायमचं बंद केलंय."

"आणि नवं?"

"ते कलम दोन आहे."

ते ऐकून पेपे घरातून धावत आली. मग, "पेपे, याला सांग मी बोलत नाहीये. मी विचार करतेय."

तुम्ही म्हणाल, खिडक्या होत्या की. होत्या. पण मागच्या वर्षी खिडक्यांना आडव्या सळ्या हव्यात असा नियम आला होता आणि सळ्या मी स्वतः बसवल्या होत्या. नियमात दोन म्हटल्या होत्या, मी सुरक्षिततेसाठी चार घातल्या होत्या. मग तुम्ही म्हणाल, आपत्कालीन मार्ग? तोही होता. बसच्या मागे लाल अक्षरांत, वीतभर उंचीचा, 'आपत्कालीन मार्ग'. नियमात लिहिलं होतं की हे शब्द लांबून वाचता येतील असे रंगवलेले असावेत. मी रंगवले. मागे दार असावं असं त्यात कुठेही म्हटलेलं नव्हतं, मी तीनदा वाचलं होतं.

शनिवारी बारानंतर दुकानं बंद. गॅस मिळणार पेनिआमिनाच्या मेव्हण्याकडे, दुसऱ्या गावात. "मी टॅक्सी करून जातो आणि थेट तपासणीच्या आवारात येतो," तो म्हणाला. "तू बस तिकडे घेऊन ये."

"मी आत कसा जाणार?"

त्याने पुढच्या काचेकडे पाहिलं. रबर उपसून काच काढण्यात आमचे दोन तास गेले. पेपेने ती भावाच्या मागे टॅक्सीत बसून मांडीवर घेतली, पण त्याआधी तिला मला ढकलावं लागलं. डोकं गेलं, खांदे गेले, पोटापाशी मी अडकलो.

"दोनदा वाढून घेत नव्हतास ना?" मागून पेपे म्हणाली आणि खांदा लावला. मी स्टिअरिंगवर तोंडघशी पडलो. हॉर्न वाजला. सासूबाई ड्रायव्हरमागच्या त्यांच्या ठरलेल्या सीटवर येऊन बसल्या होत्या.

"आई, तुम्ही यातूनच बाहेर येता का? मी हात देतो."

"मी? बोनेटवरून? समोर पाद्रीबुवांचं घर आहे. चल, गाडी काढ."

निघालो. दार नाही, काच नाही, वारा थेट तोंडावर. अडीच वाजले होते. मनात एकच घोष, डावी, डावी, डावी. रस्त्यावर लोक हात हलवत होते, ओरडत होते. मला वाटलं, बसचं कौतुक चाललंय. समोरून येणारा एक ट्रक थेट गवतात उतरला तेव्हाही मला वाटलं, किती सभ्य माणूस.

पोलिसाने शिट्टी मारली.

"काका, आज काय वार?"

"शनिवार."

"डावी बाजू कधीपासून?"

मी बोटांवर दिवस मोजले. कायदा मोडणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत. कायदा दोन दिवस आधी पाळल्याबद्दल पकडला गेलेला मी पहिलाच असेन.

"खाली उतरा."

"उतरता येत नाही."

"दार उघडा."

"दार नाही."

त्याने बसभोवती फेरी मारली. मागे जाऊन 'आपत्कालीन मार्ग' या शब्दांवर हाताने चाचपून पाहिलं. परत आला तेव्हा त्याचा चेहरा गंभीर होता आणि ओठ घट्ट मिटलेले होते. त्याने दंडाचं पावतीपुस्तक काढलं. मी मोठ्या आशेने मागे वळलो. तो पोरगा सासूबाईंच्याच चर्चमधला, त्यांच्या एका शब्दावर त्याने पुस्तक मिटून खिशात घातलं असतं.

"आई, जरा सांगा ना याला."

सासूबाई पुढे झुकल्या. "नाव नीट लिही रे बाळा. फेरेती. आणि तारीखही घाल."

तीनला आवारात पोचलो. तपासनीस तेवागा म्हणजे उंच, किडकिडीत, कधी न हसणारा माणूस. त्याने कागद काढला. (माझाच कागद, तोच क्रम. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं नाही.) जुन्या दाराला त्याने खांदा देऊन पाहिला, लाथ मारून पाहिली.

"आज सकाळपासून चाळीस बसा पाहिल्या," तो म्हणाला. "इतकं पक्कं बंद केलेलं दार एकही नव्हतं."

"धन्यवाद साहेब."

"आता कलम दोन."

"साहेब, थोडं थांबता का?"

"चारला मी घरी जातो."

तो आपल्या खुर्चीत जाऊन बसला. मी आत स्टिअरिंग धरून बसलो. साडेतीन झाले. पावणेचार झाले. आवारातले बाकीचे ड्रायव्हर सळ्यांतून मला केळी देऊ लागले. तारोचा मळा डोळ्यांसमोर दिसत होता, ओळच्या ओळ, आणि प्रत्येक ओळीत गवत. मला रडू आवरेना हे मी लपवत नाही. मागून पंख्याचा वारा आला. सासूबाई मला वारा घालत होत्या.

"रडू नकोस," त्या म्हणाल्या. "पत्रा तापलाय, अजून उकडेल."

पावणेचार उलटल्यावर टॅक्सी आली. पेपेच्या मांडीवर काच, पेनिआमिनाच्या मांडीवर टाकी. एकीकडे ठिणग्या, दुसरीकडे पेपे एकटी रबर दाबत काच बसवतेय. चारला दोन मिनिटं असताना डावीकडचा पत्रा धाडकन खाली पडला आणि त्या भोकातून सासूबाई बाहेर आल्या. केस विस्कटलेले, पंखा हातात, मान ताठ. सगळ्या ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या.

तेवागाने कलम दोनसमोर खूण केली. काच, खूण. सळ्या, खूण. मागे जाऊन त्याने लाल अक्षरं मोजपट्टीने मोजली. खूण. मी डोळे मिटले. आयुष्यात पहिल्यांदाच मी क्रमाने शेवटपर्यंत पोचलो होतो.

"शेवटचं कलम," तेवागा म्हणाला. "गेल्या तीस दिवसांत चालकाला चुकीच्या बाजूने गाडी चालवल्याची पावती झालेली नसावी. पावती आहे?"

मी खिशावर हात ठेवला. खिसा वाजला.

"तारीख?"

"आजची," सासूबाई म्हणाल्या.

पेपेने पर्स उघडली. तेवागाने परवान्यावर तिचं नाव लिहिलं, शिक्का मारला आणि चारला घरी गेला.

"आई," मी म्हणालो, "परवाना मिळाला तर सीट माझी, असा शब्द दिला होतात."

"दिला होता. मी शब्द मोडत नाही. पण सरकारचा कायदा आहे." सासूबाईंपेक्षा मोठं काही असतं हे मी त्यांच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. "मळ्यात नको जाऊस. बसमध्येच कुठेतरी बस."

सोमवारी सकाळी रेडिओवर घोषणा झाली. सगळ्या गाड्या जागच्या जागी थांबल्या आणि सहा वाजता सगळा देश हळूच डावीकडे सरकला. पेपेने बस अशी नेली जशी ती जन्मापासून डावीकडूनच चालवत होती. खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

मी मागच्या बाकावर बसलो, रंगवलेल्या अक्षरांना पाठ लावून. आमच्याकडे बस भरली की उभं कोणी राहत नाही, बसलेल्याच्या मांडीवर बसतात, आणि मागच्या बाकावर सगळ्यात शेवटी येणारे बसतात. माझ्या मांडीवर गावच्या रग्बी संघातला सगळ्यात रुंद गडी होता. त्याने मान वळवून माझ्या मागच्या पत्र्याकडे पाहिलं.

"काका, बाहेर आपत्कालीन मार्ग लिहिलंय. हा उघडतो का हो?"

मी उत्तर द्यायच्या आत पुढच्या सीटवरून, मागे न पाहता, सासूबाई बोलल्या.

"तो माझ्या जावयाने केलाय. दोघं सारखेच. नाव मोठं, वेळेला उपयोग नाही."

सगळी बस हसली. सगळ्यात जास्त माझ्या मांडीवरचा हसला. मला ते ऐकू कमी आलं, गुडघ्यांना जास्त कळलं.