कुमुदताईंच्या कोर्टातल्या दोन मुली

कुमुदताई जाधव एका वेळी एकच कादंबरी कधी वाचत नाहीत. वाचनालयातून दोन आणतात आणि हिचं एक प्रकरण, मग तिचं एक, असं आलटून पालटून वाचतात. "एकच बाजू ऐकून मत बनवायचं नसतं," म्हणतात. बाईंनी आयुष्यभर कोर्टात कारकुनी केली. निवृत्तीनंतर कोर्ट त्यांनी घरी आणलं.

आम्ही निजामपुऱ्यात समोरासमोर राहतो. खालच्या गल्लीत कापडाचे लूम खडखडत असतात, त्यामुळे इथे सगळेच मोठ्याने बोलतात, पण कुमुदताई पुकारा केल्यासारख्या बोलतात. मी शाळेत मराठी शिकवते हे कळल्यापासून मी त्यांची हक्काची साक्षीदार. भाजीची पिशवी घेऊन जिना चढतानाही मला तारीख पडते.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी आणलेल्या दोन्ही कादंबऱ्यांत एकेक मुलगी होती आणि दोघी घरातलं गुपित शोधायला निघाल्या होत्या. पहिलीची आई वारली होती. मुलगी गावोगाव फिरून, म्हाताऱ्या माणसांना गाठून, आजीचा आधी एक संसार झाला होता इथपर्यंत पोहोचते. दुसरीची आई जिवंत. मुलगी मावशीला विचारते, मामाला विचारते, जुन्या शेजाऱ्यांकडे नागपूरला जाते. आई स्वयंपाकघरातच.

"अख्ख्या पुस्तकात ती बाई मुलीला चहा करून देते," कुमुदताई म्हणाल्या. "आणि मुलगी चहा पिऊन मावशीकडे जाते, विचारायला. आईला विचारलं असतं तर पुस्तक पंधरा पानांत संपलं असतं."

मी म्हटलं, "पण दोन्ही वाचून मला दुसरीच जास्त आवडली. शेवटी मी रडले."

"रडणं पुराव्यात धरत नाहीत, बाई."

पुढचे काही दिवस हा खटला जिन्यात चालला, गच्चीवर चालला. एकदा शेलार गावाला जाताना त्यांनी रिक्षावाल्याला दोन्ही गोष्टी ऐकवल्या आणि निकाल मागितला. तो म्हणाला, "मॅडम, दोनो लडकी अच्छी है. आपको उतरना किधर है?" हे त्यांनी मला फार नाराजीने सांगितलं.

मला मात्र कुतूहल वाटायला लागलं होतं. दुसऱ्या कादंबरीतल्या मुलीवर बाईंचा एवढा राग का? तिने चोरी केली नव्हती, कुणाला फसवलं नव्हतं. एका दुपारी मी विचारलंही. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "प्रज्ञा येतेय. तिलाही दोन्ही वाचायला सांगितल्यात."

प्रज्ञा त्यांची मुलगी, पुण्याला नोकरीला. ती आली त्या रविवारी दुपारी मला चहाला बोलावणं आलं. मी ओळखलं, आज सुनावणी.

प्रज्ञाने सरळ दुसरीची बाजू घेतली. "ती आईला विचारते, आई. सुरुवातीलाच. आई म्हणते, काही नाही गं, जेवून घे."

"एकदाच विचारते. दुसऱ्यांदा विचारायला काय झालं होतं?"

तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला, खालचे लूम थांबले आणि गल्ली एकदम गप्प झाली. त्या शांततेत प्रज्ञा म्हणाली, "मग मी विचारू? मी बालवाडीत असताना आपण गणेशपुरीला राहिलो होतो. गरम पाण्याच्या कुंडात अंघोळ, रोज बाहेरचं जेवण. मी अजून सगळ्यांना सांगते, माझी सगळ्यात छान सुट्टी. पण पप्पा का नव्हते?"

"चहा गार होतोय," कुमुदताई म्हणाल्या.

प्रज्ञाने कप बाजूला ठेवला. "आई, दुसऱ्यांदा विचारतेय."

कुमुदताईंना हळू बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"सुट्टी नव्हती ती. मी घर सोडलं होतं. मला नोकरी लागली आणि तुझ्या पप्पांनी माझ्याशी बोलणं टाकलं. हात नाही उगारला, शिवी नाही दिली. नुसतं बोलायचे नाहीत. भाजीत मीठ कमी पडलं तर तुला सांगायचे, आईला सांग म्हणून. कितीतरी महिने. मग एक दिवस तुला घेतलं आणि एसटीत बसले."

"आणि ते आपल्याला न्यायला आले."

"आले. कुंडाच्या पायरीवर बसून राहिले. तेव्हाही बोलले नाहीत. तुला खांद्यावर घेतलं आणि स्टँडकडे चालायला लागले. मी मागून. बसमध्ये चढल्यावर मला म्हणाले, तुला मळमळतं, खिडकीशी बस."

मला तिथे बसणं अवघड झालं. मी उठले, चप्पल घातली, पण खरं सांगते, पाय दारातून निघेना. मागून प्रज्ञाचा आवाज आला, "आणि तेवढ्यावर तू परत आलीस?"

वीज आली. खालचे लूम एकदम सुरू झाले. मी वळून पाहिलं तर कुमुदताई बोलत होत्या, त्याच हळू आवाजात, आणि प्रज्ञा ऐकू यावं म्हणून खुर्ची ओढत त्यांच्या अगदी जवळ सरकली होती. मी दार लोटून घेतलं.