चारी पाय जमिनीवर

"स्वतःच्या घरात चहा करायची बंदी?" नोरीन किटली छातीशी धरून उभी होती.

"थोडे दिवस गं, आई. वाफेने जमिनीच्या फळ्या बिघडतात, असं तो सुतार केल्व्हिन म्हणतोय," ग्लेनिस म्हणाली.

ऑस्ट्रेलियातल्या इनिसफेलच्या पावसात टॉवेल सुकत नाहीत, चपलांना बुरशी येते. नेमकी तेव्हाच ब्रिस्बेनहून रजा काढून आलेल्या मुलीला आईच्या बैठकीत लाकडी जमीन बसवायची होती. कारण काय, तर जमिनीवरच्या जुन्या लिनोलियमच्या थराला दोन खळगे पडले होते. नोरीनचा नवरा ट्रेव्हर जन्मभर खुर्ची मागे कलंडवून दोनच पायांवर बसला आणि ती जन्मभर त्याच्यावर ओरडली. गेल्या वर्षी तो गेला, खळगे तेवढे राहिले. "आता तेही झाकायचे म्हणे!" नोरीन शेजारणीजवळ धुसफुसली. मुलीला मात्र काही बोलली नाही.

घरच्या हवेची सवय व्हावी म्हणून फळ्या आधी बैठकीत रचल्या. केल्व्हिनने खिडक्या लावून घेतल्या, हवा सुकवणारं यंत्र सुरू केलं आणि रोज येऊन लाकडात सुया खुपसून ओलावा मोजू लागला.

"अंघोळ कोणी केली?" एका सकाळी त्याने दरडावून विचारलं.

"मी. माणसं करतात."

"ओल्या केसांनी इकडे येऊ नका."

"मग काय, टक्कल करू?"

बटाटेसुद्धा तिने व्हरांड्यात, छत्री धरून उकडले.

फळ्या खडखडीत वाळल्या. केल्व्हिनने त्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ठोकून बसवल्या, मध्ये सुई शिरणार नाही इतक्या घट्ट. ट्रेव्हरची खुर्ची जागेवर ठेवली आणि यंत्र घेऊन तो गेला. त्याची गाडी वळायच्या आत नोरीनने सगळ्या खिडक्या सताड उघडल्या.

पाऊस कोसळतच राहिला. फळ्या पोटभर ओलावा प्यायल्या, फुगल्या, भिंतींना भिडल्या आणि जायला वाट उरली नाही तशा वर उठल्या. बैठकीच्या मधोमध टेंगूळ आलं.

केल्व्हिन धावत आला. "काय केलंत तुम्ही?"

"राहिले."

"म्हणजे?"

"राहिले इथे. चहा केला, केस धुतले. तू कुठल्या घराची सवय लावत होतास त्यांना? मी मेल्यानंतरच्या?"

केल्व्हिनने ओलावा मोजायचं सुयांचं यंत्र खिशात घातलं. ग्लेनिस हताश होऊन बाबांच्या खुर्चीत बसली. पुढचे दोन पाय टेंगळावर होते. खुर्ची कचकन मागे कलंडली.

"अरे, किती वेळा सांगू, चारी पाय जमिनीवर..." नोरीन कडाडली आणि मध्येच थांबली.



"उखडतो सगळं. नव्याने बसवून देतो," केल्व्हिन पुटपुटला.

"बाकीचं उखड. खुर्चीखालचं राहू दे."

"अहो, पण ती डुलतेय!"

"मग? आजवर काय सरळ उभी होती?"

नोरीनने किटली चढवली. झाकण मुद्दामच उघडं ठेवलं.