केरबा अस्वलाची उभी जीप

एका जंगलात त्या दिवशी सकाळी धुकं एवढं दाट पडलं होतं, की हत्तीला स्वतःची सोंड दिसत नव्हती. पानापानावरून पाणी ठिबकत होतं. सूर्य उगवला की नाही, हे रानकोंबड्यालाही चार ठिकाणी विचारून मग आरवावं लागलं.

तर बाळांनो, त्या जंगलात एक अस्वल होतं. त्याचं नाव केरबा. केरबाकडं एक जीप होती. जंगलातली जनावरं जीपमध्ये भरायची, घाट उतरून नदीकाठच्या बाजाराला न्यायची आणि दिवस मावळायच्या आत परत आणायची, हा त्याचा धंदा. अशा गाडीला वडाप म्हणतात. वडाप भरल्याशिवाय निघत नाही. आणि केरबाची जीप कधी भरतच नसे. शेळी सशाच्या मांडीवर बसली तरी तो म्हणायचा, "सरका जरा, अजून दोघं बसतील."

जंगलात गाडी चालवता येणारा तो एकटाच. त्यामुळं ड्रायव्हरच्या सीटवर बसला, की केरबाची मान वीतभर उंच व्हायची. घाटाच्या वळणावर सिंहसुद्धा डोळे मिटून म्हणायचा, "केरबा, बाबा, सांभाळून."

सगळे ड्रायव्हर करतात तसं केरबाही करायचा. सकाळी उठला, की टायरला लाथ मारायचा. आवाजावरून हवा कळते म्हणतात. त्या दिवशीही तो धुक्यात चाचपडत गेला. पुढं काहीतरी काळं, गोल दिसलं. त्यानं रोजच्यासारखी सणसणीत लाथ हाणली.

तो टायर नव्हता. जीपशेजारचा धोंडा होता.

"हवा भरपूर आहे," केरबा बारीक आवाजात म्हणाला आणि खाली बसला.

त्याची बायको हौसा धावत आली. तिनं हाडवैद्याला बोलावलं. हाडवैद्य म्हणजे सुतारपक्षी. त्यानं चोचीनं उजव्या पायाचं एकेक बोट ठोकून पाहिलं. तीन बोटांना केरबा ओरडला.

"तीन मोडली," सुतारपक्षी म्हणाला. त्यानं बांबूच्या कामट्या लावून पाय गच्च बांधला. "दीड महिना पाय टेकायचा नाही. ब्रेकवर तर नाहीच नाही."

"आणि गाडी?" केरबानं विचारलं.

"गाडीची बोटं शाबूत आहेत. ती राहील उभी."

धुकं उतरायच्या आत बातमी जंगलभर झाली. समाचाराला पहिला आला रंगराव कोल्हा. त्याचा आवाज फार गोड.

"केरबादादा, तुम्ही खुशाल झोपा. मी चालवतो गाडी. तीन वर्षं तुमच्या शेजारच्या सीटवर बसलोय, सगळं बघून ठेवलंय."

"बघून गाडी येत नसते, रंगराव."

"मग हळूहळू येईल. घाट मोठा आहे, शिकायला जागा भरपूर."

कोल्हा गेला, तसा केरबा विचार करायला लागला. कोल्हा एकदा का त्या सीटवर बसला, की परत उठायचा नाही. मग आपल्याला मागच्या बाकावर शेळ्यांमध्ये बसावं लागणार. बोटांचं दुखणं परवडलं, हे नाही.

"हौसा," तो म्हणाला, "मला गाडीत बसव."

"अहो, पाय टेकता येत नाही आणि गाडी काय कपाळानं चालवणार?"

"चालवत नाही. नुसता बसतो."

हौसानं त्याला खांद्याचा आधार देऊन सीटवर बसवलं. बांधलेला पाय त्यानं स्टिअरिंगशेजारी वर ठेवला. हळूहळू जनावरं जमली.

"निघायचं का, केरबा?" शेळीनं विचारलं.

खरं सांगावं, तर कोल्हा समोरच उभा. केरबानं आपलं रोजचं वाक्य म्हटलं. "भरू दे. भरली की निघू."

आता बाळांनो, गंमत ऐका. वडापात बसून वाट बघायची त्या जंगलाला जुनी सवय. सगळी निमूट बसली. दुपार झाली. भाकऱ्या सुटल्या. सशानं बाजाराला काढलेली बोरं शेळीनं घेतली, शेळीचं दूध मांजरीनं घेतलं. हरणाच्या मुलीला मागच्या बाकावरच स्थळ आलं आणि पुढच्या बाकावर पसंतही पडलं. ऊन कललं तशी सगळी उतरली आणि आपापल्या घरी गेली.

केरबाला वाटलं, उद्या बोंब होणार.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी माकडीण हजर. घाटात तिला नेहमी उलटी व्हायची.

"केरबाभाऊ, काय सुरेख चालवली हो काल! पोटातलं पाणी हललं नाही."

"मावशी, काल गाडी—"

"बोलायचं काम नाही. एवढी बोटं मोडलेली, तरी एक धक्का नाही. याला म्हणतात हात."

सशाला खिडकीची जागा हवी होती, कारण खिडकीतून काल त्याचं घर सारखं दिसत होतं आणि त्याचा जीव निवांत होता. शेळी म्हणाली, इतकी वेळेवर ती आयुष्यात घरी पोचली नव्हती.

कोल्हा मध्ये घुसला. "अहो, मी खरोखर घेऊन जातो तुम्हाला. बाजारात!"

"खरोखर?" माकडीण किंचाळली. "म्हणजे घाटातनं? ह्याला खाली उतरवा आधी!"

असा महिना गेला. महिन्यात एकही अपघात झाला नाही, म्हणून सिंहानं सभा घेतली. केरबाला शाल दिली, नारळ दिला. सिंह भाषणात म्हणाला, "गाडी कशी असावी, तर अशी. तिच्यात बसून मला पहिल्यांदा डोळे उघडे ठेवता आले." टाळ्या पडल्या. केरबानं शाल पांघरली, पण त्याला आतून कसंतरीच होत होतं. घाट उतरताना कानात शिरणारा वारा त्याला आठवत होता. कामट्यांच्या आत बोटं वळवळत होती.

त्याच्या शेजारी एक म्हातारं कासव राहायचं, बाळाप्पा. ते कधी जीपमध्ये बसलं नाही. ते कुऱ्हाडीनं लाकडं फोडायचं, ती विकायला बाजाराला चालत जायचं आणि पुढच्या बाजारापर्यंत परत यायचं. त्याला केरबा म्हणाला, "आप्पा, पाय बरा होऊ दे. मग दाखवतो सगळ्यांना, गाडी काय चीज असते ती."

बाळाप्पानं नुसती मान आत घेतली.

दीड महिना झाला. सुतारपक्ष्यानं कामट्या सोडल्या. तिन्ही बोटं सरळ जुळली होती. केरबाला इतका आनंद झाला, की तो लंगडी खेळणाऱ्या पोरासारखा अंगणात उड्या मारत सुटला. जीप भरली. त्यानं सभेतली शाल पांघरून किल्ली फिरवली.

इंजिन धडधडलं, तसा आत एकच कल्लोळ झाला.

"अगं बाई, हलतीये!"

"केरबा, काय झालं रे तुला?"

"माझं घर मागं चाललं! थांबवा!"

केरबा हसत होता. वारा कानात शिरला होता. पहिल्याच वळणावर माकडिणीनं शेळीच्या अंगावर उलटी केली. दुसऱ्या वळणावर सिंहानं डोळे मिटले आणि ओरडला, "थांबव!"

सिंहच ओरडला म्हटल्यावर केरबानं ब्रेक दाबला. सगळी उतरली आणि चिखल तुडवत, पाय ओढत घाट चढून परत गेली. तिथं पारावर रंगराव कोल्हा बसला होता. त्यानं चारही पायांना हळद थापून फडकी गुंडाळली होती आणि तो हळूहळू कण्हत होता.

"काय झालं, रंगराव?" सिंहानं विचारलं.

"वीस बोटं मोडली, महाराज. आता जन्मात गाडी हलवता यायची नाही."

जनावरं एकमेकांकडं बघायला लागली. माकडिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. "वीस!" ती म्हणाली. "आणि आपण तिनावर समाधान मानत होतो."

त्यांनी कोल्ह्याला उचलून जीपकडं नेलं, केरबाला खाली ओढलं आणि कोल्ह्याला सीटवर बसवलं. केरबाच्या अंगावरची शाल काढून कोल्ह्याच्या पायांवर घातली. गाडी अर्ध्या घाटात जिथं थांबली होती, तिथंच सगळी पुन्हा आत बसली. "भरू दे," कोल्हा गोड आवाजात म्हणाला.

केरबा धडधाकट पायांनी घरी चालत आला आणि उंबऱ्यावर बसून रडायला लागला.

तात्पर्य : बाळांनो, ड्रायव्हरनं पाय जपावेत, असं तुम्हाला शाळेत सांगतील. सांगू देत. बाळाप्पा कासव कुंपणातून मान बाहेर काढून केरबाला जे म्हणालं, ते लक्षात ठेवा : "रडतोस काय, लेका? बोटं तुलाही वीस आहेत. कुऱ्हाड देऊ का माझी?"