टपावरचं ऊन

“पाच वाजेपर्यंत बॅटरी शंभर टक्के भरली पाहिजे. तीही नुसत्या उन्हावर!” वासंतीने पोह्यांची बशी हरिहररावांपुढे आपटली. “नाहीतर गाडी तानाजीची. मी शब्द दिलाय त्याला.”

“पाच कशाला? तीनलाच भरेल बघ,” हरिहरराव तोंडात पोहे कोंबत म्हणाले. “सकाळी आठला पॅनलं स्वतः पुसलीयेत मी. आरशासारखी!”

गाडी म्हणजे एक निवृत्त स्कूल-बस. हरिहररावांनी वर्षभर खपून तिच्यात पलंग, सिंक आणि फ्रीज बसवला, टपावर सोलरची दोन पॅनलं लावली आणि तिला ‘कॅम्पर’ असं भारदस्त नाव दिलं. पण पहिल्याच सहलीत डोंबिवलीहून टिटवाळ्याला पोचेपर्यंत फ्रीज बंद पडला आणि दोन किलो श्रीखंड पेल्यातून प्यावं लागलं. तिथेच तानाजी केटरर भेटला. त्याने गाडीभोवती तीन चकरा मारल्या आणि म्हणाला, “वहिनी, ह्याच्यात माझी पातेली काय झक्कास बसतील!” वासंती इतकी तापलेली होती की तिने तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं: येत्या रविवारी गाडीची परीक्षा. नापास झाली तर तुमची.

आणि आज तो रविवार होता. गाडी सोसायटीच्या आवारात, त्यांच्याच तळमजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, भिंतीला खेटून उभी होती. आत बॅटरीच्या पडद्यावरचे टक्के वाचायचं काम मैथिलीकडे होतं. ती नववीत होती, आणि स्वतःच्या नाही तर बाबांच्या परीक्षेचा निकाल आपण सांगणार, ह्याचा तिला भयंकर आनंद झाला होता.

“बेचाळीस!” नऊ वाजता ती ओरडली.

“बेचाळीस!” दहा वाजता.

“बाबा... बेचाळीस.” अकरा वाजता.

हरिहररावांनी वायरी उपटून परत बसवल्या. फ्यूज बदलला. गाडीखाली झोपून मीटर लावला आणि उठताना डोकं आपटून घेतलं. शेवटी कंपनीला फोन केला.

“सर, पॅनलवर काही पडलंय का?” पलीकडचा मुलगा म्हणाला.

“अहो, आठला पुसलंय मी! तुम्ही काहीतरी दुसरं सांगा!”

“एकदा वर चढून बघा ना सर.”

“शिडी नाहीये. गच्चीत वॉटरप्रूफिंग चाललंय, ते लोक घेऊन गेले. आणि बघायचं काय त्यात? ऊन काय चोरीला जातं?”

मैथिलीचा चेहरा एवढासा झाला. वासंती खिडकीतून हे सगळं बघत होती. मग ती आत गेली.

आणि बाराच्या सुमारास चमत्कार झाला! पंचेचाळीस. एकावन्न. साठ! पडद्यावर फक्त टक्के दिसायचे, ते आले कुठून हे दिसायचं नाही, आणि हरिहररावांना विचारायची गरजही वाटली नाही. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर ‘सूर्यदेवता प्रसन्न’ असं टाकून दिलं.

चार वाजता तानाजी हजर झाला. पांढराशुभ्र शर्ट, एका हातात झेंडूचा हार, दुसऱ्यात नारळ.

“हे कशाला?” हरिहररावांनी विचारलं.

“नवी गाडी घ्यायची म्हणजे पूजा नको का साहेब?”

“सत्त्याण्णव!” आतून मैथिली किंचाळली. “तानाजीकाका, नारळ परत न्या!”

तेवढ्यात समोरच्या पंचवीस मजली टॉवरची सावली सरकत सरकत गाडीच्या नाकावर आली. हरिहरराव घाबरले. तीन टक्क्यांसाठी वर्षभराची मेहनत घालवायची? गेटापाशी अजून लख्ख ऊन होतं. ते टुणकन ड्रायव्हरच्या सीटवर चढले.

“अहो, हलवू नका!” खिडकीतून वासंती ओरडली. “आहे तिथेच असू दे!”

“तुला गाडी जायलाच हवीये!” म्हणत त्यांनी गिअर टाकला.

गाडी पुढे गेली. तिच्यामागे भिंतीच्या बाजूने एक काळी वायर ताठ झाली आणि स्वयंपाकघरातून एक्स्टेन्शन बोर्ड फरफटत निघाला. त्या बोर्डाला लावलेला मिक्सर खिडकीच्या गजांवर येऊन आदळला, झाकण उडालं आणि सगळी हिरवी चटणी तानाजीच्या शर्टावर! त्याच क्षणी वरच्या गॅलरीतून मालनकाकूंनी टाहो फोडला, “आवं भावजी, थांबा की! माझ्या कुरडया!”

हरिहररावांनी करकचून ब्रेक दाबला. टपावरून प्लॅस्टिकचा कागद घसरला आणि पुढच्या काचेवर कुरडयांचा सडा पडला.

मैथिलीने खाली उतरून काचेवर लोंबणाऱ्या कागदाकडे बघितलं. इतका वेळ दोन्ही पॅनलं त्याच्याखाली गुडूप झाकलेली होती.

“गच्चीला कुलूप,” मालनकाकू धापा टाकत खाली आल्या. “भावजी नाष्टा करत हुते, शिडी तिथंच हुती, म्हटलं घालून टाकू. ती काळी काच काय तापती, माहितीये? दुपारपर्यंत कडकडीत!”

“म्हणजे सकाळपासून उन्हाचा एक टक्काही...” हरिहररावांनी कपाळ धरलं. मग त्यांची नजर वायरीवरून खिडकीपर्यंत गेली. “वासंती?”

“मीच लावली,” वासंती बाहेर येत म्हणाली. “पोरगी रडकुंडीला आली होती.”

“पण अट तर तुझीच होती!”

“हो, श्रीखंडाच्या रागात घातलेली.” तिने पदराशी चाळा केला. “पण त्या दिवशी टिटवाळ्यात काळू नदीच्या काठी आपण तासभर बसलो होतो. तुम्ही फोन बघितला नाहीत, मी घड्याळ बघितलं नाही. असं कधी बसलेलो शेवटचं?”

हरिहररावांनी किल्ली काढून तानाजीपुढे धरली. “परीक्षेत कॉपी झाली. गाडी तुमची.”

वासंतीने ती किल्ली मधल्यामध्येच उचलली. “शब्द मी दिलेला, मीच मोडतेय. तानाजीभाऊ, काय बोलायचं ते मला बोला.”

तानाजीने गालावरची चटणी बोटाने पुसून चाटली. बॉनेटवरची एक कुरडई उचलून कटकन मोडली. “बोलायचं काय वहिनी? पातेली टेम्पोत पण बसतात. पण मे महिन्यात सात लग्नं आहेत माझ्याकडे, आणि इतकी कडक वाळलेली कुरडई मला टिटवाळ्यात मिळत नाही. मावशी, पन्नास किलो द्याल?”

“पन्नास?” मालनकाकूंनी टपाकडे असं बघितलं, जसं काही ते त्यांच्या माहेरून आलं होतं. “मग उद्यापासून रोज घालाव्या लागतील. भावजी, जमंल ना?”

सगळे हरिहररावांकडे बघायला लागले. त्यांनी पॅनलांकडे बघितलं, किल्ली घट्ट धरलेल्या वासंतीकडे बघितलं आणि खिशातून सावल्यांचा स्वतः आखलेला तक्ता काढला.

“आठला घाला,” ते गंभीरपणे म्हणाले. “साडेदहाला मी गाडी गेटापाशी घेतो. तिथे पाचपर्यंत सलग ऊन आहे.”

“घ्या की! फकस्त हलवायच्या आधी हाक मारा!”