बिनविरोध पडलेले ईश्वरप्पा

ईश्वरप्पा चहा सांगायला खाली गेले आणि तेवढ्यात वर अध्यक्ष झाले. जिन्यातच त्यांना टाळ्या ऐकू आल्या. कुणाचा तरी सत्कार असेल असं समजून तेही दारात उभं राहून टाळ्या वाजवू लागले, तेव्हा लोक जास्तच हसले.

"मुबारक हो अप्पा!" मोहियोद्दीनभाईंनी त्यांना मिठी मारली. "एकच नाव आलं, तुमचं. बिनविरोध!"

लातुरात आनंदराज सरांच्या क्लासमध्ये, रविवारची टेस्ट संपली की मतदार हक्क समितीची बैठक भरायची. समितीची मागणी साधी होती. पुढारी आपसात ठरवून एकच अर्ज ठेवतात आणि मतदान न होताच सरपंच, नगरसेवक निवडून येतात. हे बंद व्हावं. उमेदवार एकटा असला तरी राज्यानं मतदान घ्यावं, त्याच्यासमोर 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण असावं, आणि ते बटण जिंकलं तर उमेदवार पडला असं धरावं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या मोहियोद्दीनभाईंच्या डोक्यातून ही कल्पना निघाली होती. कॉलेजातून निवृत्त झालेले ग्रंथपाल ईश्वरप्पा त्यांना कायद्याची पुस्तकं शोधून देत.

पुस्तकं शोधणं ठीक होतं. पण अध्यक्षाला पुढच्या आठवड्यापासून भोकर, उमरी, धर्माबाद असं भाषणं करत फिरायचं होतं. ईश्वरप्पांनी उभा जन्म 'शांतता राखा' या पाटीखाली काढलेला. चार माणसं एकदम त्यांच्याकडे बघू लागली की त्यांचा घसा बंद व्हायचा.

नाही म्हणायलाही आवाज लागतो. तो नव्हता, म्हणून त्यांनी चाचरत एक मुद्दा काढला. "पण... आपण बिनविरोधच्या विरोधात आहोत ना? मग मी कसा?"



"वाह!" मोहियोद्दीनभाईंचे डोळे भरून आले. "देखो, इसको बोलते उसूल! स्वतःची खुर्ची लाथाडून राहिलेत! आता तर अध्यक्ष हेच पायजेत."

"पन मतदान तर घ्यावंच लागंल," आनंदराज सर म्हणाले. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये शाळा शिकलेले सर आता तीन मजल्यांवर फिजिक्स शिकवत. "आपन सात जन, त्याला काय मतदान म्हनायचं? माझी रिपीटर बॅच बोलावतो. समदे अठराच्या वर, अन् एकानंबी अजून मत दिलं न्हाई."

मतपत्रिका छापायची गरजच पडली नाही. गोल भरायच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा टेबलावरच होता. सरांनी फळ्यावर लिहिलं: अ – ईश्वरप्पा. ड – वरीलपैकी कोणीही नाही. ब आणि क रिकामे.

मुलंमुली डोळे चोळत येऊन बसली. उमेदवाराला दोन शब्द बोलायला सांगितलं. ईश्वरप्पांनी टेबल घट्ट धरलं.

"मला... बोलता येत नाही. कृपा करून मला मत देऊ नका."

टाळ्यांचा कडकडाट झाला. "असा खरं बोलनारा उमेदवार पैल्यांदाच बघितला!" मागून कुणीतरी ओरडलं. ईश्वरप्पांना घाम फुटला. ही तर निवडून यायची लक्षणं होती.

पहिल्या बाकावरच्या लुंबिनीनं हात वर केला. "आजोबा, निवडून आलात तर पैलं काय करनार?"

"घरी जाईन," ईश्वरप्पा कळवळून म्हणाले. पुन्हा टाळ्या.

त्यांना वाचवलं ते सरांच्या सवयीनं. उत्तरपत्रिका वाटताना सर नेहमीसारखं बोलून गेले, "खात्री नसंल तर अंदाजानं गोल भरू नका रे! निगेटिव्ह मार्किंग हाय!"

वर्ग एकदम गंभीर झाला. टाळ्या वाजवणं वेगळं आणि गोल भरणं वेगळं. या आजोबांविषयी आपल्याला नक्की माहीत तरी काय आहे?

"सर, अ ची खात्री न्हाई, अन् ब-क तर न्हाईतच," लुंबिनी पुटपुटली. "म्हंजी ड."

'ड' प्रचंड बहुमतानं निवडून आला. ईश्वरप्पांना इतकं हलकं वाटलं की घरी जाताना त्यांनी पेढे घेतले. वाटेत कुतूहल एवढंच उरलं, की ज्या दोघाचौघांनी 'अ' भरला त्यांना आपल्यात काय दिसलं असेल?

"पडलात, अन् पेढे?" बायकोनं, गौरम्मांनी विचारलं.

"सुटलो!"

"समोर कोन व्हतं?"

"कुणीच नाही."

गौरम्मांनी उचललेला पेढा परत ठेवला. "अन् तरी पडलात? तेवढं बाहेर बोलू नका."

पण मोहियोद्दीनभाई ते सगळीकडे बोलून मोकळे झाले होते. सकाळीच ते दारात हजर. "अप्पा, कमाल झाली! लोक विचारायचे, एकटा उभा राह्यलेला मानूस पडंल कसा? आता दाखवायला मानूसच हाय! उमरीवाले फोनवर फोन करून राहिलेत."

"पण मी अध्यक्ष नाही ना."

"अध्यक्षाला कोन इचारतंय? त्याला भाषनाला दोन मिनटं. तुमाला पाऊन तास!"

उमरीजवळच्या एका गावात, शाळेच्या मैदानावर सभा भरली. ईश्वरप्पा माईकसमोर उभे राहिले आणि घसा बंद झाला. लोक वाट पाहत राहिले. शेवटी मोहियोद्दीनभाईंनीच माईकशी तोंड नेलं.

"बघा! एक शब्द निघत न्हाई. आत्ताच्या कायद्यानं हेच निवडून आले असते! आमच्या बटनानं वाचवलं!"

मैदान हसून लोळलं. ईश्वरप्पाही हसले. हे काम तर जमण्यासारखं होतं. नुसतं उभं राहायचं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मान वर करून गर्दीकडे नीट पाहिलं. माणसं वाटली होती तेवढी वाईट नव्हती.

तेवढ्यात पुढच्या रांगेतले केरबा नावाचे म्हातारे उठले. "म्या काय म्हनतो, आपल्या पान्याच्या कमिटीला अध्यक्ष मिळंना. वरच्या आळीचा केला की खालची भांडती, खालचा केला की वरची. ह्यो मानूस बाहेरचा हाय. उलटून बोलत न्हाई. खुर्चीचा लोभ तर बिलकुल न्हाई. ह्यांनाच करू की!"

"हाव! हाव!" वरची आळी ओरडली. खालची आळीही ओरडली. पाण्यावरून दोन्ही आळ्यांचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ होती. कुणीतरी पळत जाऊन हार आणला.

"मंग ठरलं," केरबा म्हणाले. "बिनविरोध!"

ईश्वरप्पांनी मदतीसाठी मोहियोद्दीनभाईंकडे पाहिलं. भाई टाळ्या वाजवत होते.

हार नाकापर्यंत आला, तेव्हा ईश्वरप्पांनी झडप घालून माईक ओढला. जो आवाज निघाला तो त्यांनाही ओळखू आला नाही. "मतदान घ्या! एकटा असलो म्हणून काय झालं? मतदान घ्या! पडायचा हक्क आहे मला!"

 मग वरची आळी, खालची आळी, हार घेऊन आलेला माणूस, सगळे एका सुरात ओरडू लागले, "मतदान घ्या! मतदान घ्या!"

ईश्वरप्पा ओरडतच होते. माईक खाली ठेवला असता तर गळ्यात हार पडला असता.

बाजूला मोहियोद्दीनभाईंनी धर्माबादला फोन लावला होता. "कौन बोला बोलते नहीं?" ते एक कान झाकून सांगत होते. "अरे, माईक छोडतेच नहीं!"