दोन फूट दोन इंचांची लेन्स

इनासबाबच्या दुकानात लेन्स घ्यायला गेलेला माणूस बहुतेक वेळा लेन्स न घेता, पावलं मोजत बाहेर पडतो. थट्टा नाही करत. आमच्या कट्टा गावच्या बाजारात एसटीचा थांबा ते आमचा कोपरा हे अंतर किती पावलांचं, हे आजूबाजूच्या पाच गावांतल्या फोटोग्राफरांना तोंडपाठ आहे. लांबी म्हणजे काय ते कळावं म्हणून इनासबाबनी ते अंतर प्रत्येकाला चालायला लावलंय.

गिऱ्हाईक आत शिरलं की नमस्कार-चमत्कार नाही, बस म्हणणं नाही. दोनच प्रश्न. "काय बघूचा आसा? आणि कितक्या लांबसून?" ह्याचं नीट उत्तर देता आलं नाही तर कपाट उघडत नाही. मग गिऱ्हाईक मालवणचं असो, गोव्याचं असो, नाहीतर मुंबईहून गाडी करून आलेलं असो.

मी शुभांगी. त्यांच्या भिंतीला भिंत लावून माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, दोऱ्याची रिळं. वीस वर्षं आम्ही शेजारी आहोत आणि त्यातली निदान पंधरा आम्ही भांडलो असू. इनासबाबचं म्हणणं, आपला धंदा एकच. "तुझी साडी, माझी बॉडी. तुझो ब्लाउज, माझी लेन्स." ज्यांना ह्यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. एसएलआर म्हणून कॅमेरा असतो, त्याची पुढची लेन्स काढून दुसरी लावता येते. लेन्स काढल्यावर जो काळा ठोकळा उरतो ती बॉडी. इनासबाबच्या मते बॉडी म्हणजे घर आणि लेन्सा म्हणजे त्या घरच्या सुना. घरात चार सुना खुशाल नांदू देत, पण कोणती कशाला हुशार आहे ते आधी बघून घ्यावं. एकीला अंधारात दिसतं, दुसरी लांबचं बघते, तिसरीला जवळ गेल्याशिवाय काही सुधरत नाही. आणि दारातून आत शिरता येईल अशीच सून आणावी. एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या बॉडीवर बळंच पिळून बसवलेली दिसली, की ते डोळे मिटून छातीवर क्रूस काढायचे.

तोंडवलीचा मिलिंद लग्नाचे फोटो काढतो. चांगला घोडनवरा झालेला, दाढीबिढी ठेवलेला माणूस. त्याला हातभर लांबीची पांढरी लेन्स हवी होती, कारण ती गळ्यात असली की मांडवात वजन पडतं. इनासबाबनी विचारलं, लग्नं कुठं लावतात? तो म्हणाला, बहुतेक घरच्या खळ्यात, म्हणजे अंगणातच. झालं. कपाटातून तसलीच एक लेन्स काढून त्याच्या कॅमेऱ्याला लावली आणि मला हाक मारली. मी एका बाईला अस्तर कापून देत होते. मला दारात उभी केली, डोक्यावर मरून ब्लाउजपीस टाकला आणि मिलिंदला सांगितलं, ही नवरी, हिचा पायापासून डोक्यापर्यंत फोटो काढ.

मिलिंद मागे सरकला. माझं नुसतं नाक येत होतं. रस्ता ओलांडला, हनुवटी आली. रिक्षावाल्यांच्या मधून मागे मागे जात राहिला आणि माझे खांदे दिसायला लागले तेव्हा गटारात गेला. रिक्षावाल्यांनी आधी कॅमेरा उचलला, मग मिलिंदला. इनासबाबनी शांतपणे त्याला एक आखूड, जुनी पस्तीस एमेमची लेन्स दिली, जवळूनही सगळं मावणारी. त्याची कुरकुर, हिला झूम नाही म्हणून. "मगे देवान पाय कित्याक दिल्यान?" एवढंच ते बोलले. पुढं सहा महिन्यांनी मिलिंद फणस घेऊन आला आणि तीच लेन्स आता कॅमेऱ्यावरून उतरत नाही म्हणाला. मला नवरी केल्याबद्दल फणसातले चार गरे मिळाले.

मिठबावचे एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांची गोष्ट तर विचारूच नका. लेन्सची फोकसची रिंग जड फिरते म्हणून त्यांनी तिला घरच्या घाण्याचं खोबरेल तेल सोडलं. पंधरा दिवस रिंग लोण्यासारखी फिरली. मग थंडी पडली, तेल थिजलं आणि रिंग जी बसली ती बसली. आतली नाजूक पातीसुद्धा तेलात चिकटून गेली. इनासबाबनी लेन्स नाकाला लावून वास घेतला आणि मास्तरांना म्हणाले, आता हिची वेणी घाला. मग स्वतः महिनाभर बसून एकेक पातं पुसलं. लेन्स परत देताना मास्तरांकडून क्रूसासमोर शपथ घेतली, मास्तर हिंदू असूनसुद्धा.

आमच्या हवेत लेन्सचा खरा वैरी म्हणजे बुरशी. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. म्हणून त्यांच्या कपाटात बारा महिने एक बारका बल्ब जळत असतो आणि ऊन पडलं की सगळ्या लेन्सा खळ्यात चटईवर येतात. शेजारी माझी कोकमं वाळत असतात. एकदा एका लेन्सनं ऊन गोळा करून माझ्या धुतलेल्या ब्लाउजपीसला बरोब्बर मधे भोक जाळलं. मी बोंब मारली तर हा माणूस भोकाकडे कौतुकानं बघतोय. म्हणाले, बघ, काच किती स्वच्छ आसा. मी आठ दिवस बोलले नाही.

असा हा माणूस. ह्या गणपतीनंतर मात्र त्यांचं काहीतरी बिनसलं. जी लेन्स हातात घेतील तिच्यात बुरशी. मिलिंदची लेन्स तीनदा उघडली, पुसली, पुन्हा बुरशी. मुंबईहून आलेल्या एका गिऱ्हाइकाला नवीकोरी लेन्स डब्यातून काढल्या काढल्या सांगितलं, ही नासलेली आहे. तो तोंडाला येईल ते बोलून गेला. मिलिंद हळूच माझ्याकडे आला आणि त्याची लेन्स उजेडात धरून मला दाखवली. आत पाण्यासारखं स्वच्छ होतं.

मी काही डॉक्टर नाही, पण रंग मला कळतात. पांढऱ्या दोऱ्याचं एक रीळ घेतलं, एक ऑफ-व्हाइटचं, आणि गेले. पूर्वी हाच माणूस माझ्या दुकानात पांढऱ्याच्या तीन छटा सांगायचा आणि मला खोटी पाडायचा. मी विचारलं, ह्यातला पांढरा कुठला? त्यांनी दोन्ही रिळं बल्बखाली धरली, खिडकीत नेली, परत आणली. "दोनय सारकेच," म्हणाले. "पिवळे."

मी म्हटलं, "इनासबाब, बुरशी लेन्सात नाय. तुमच्या डोळ्यात आसा." पहिल्यांदाच ते माझ्याशी भांडले नाहीत.

मोतीबिंदू. मी त्यांना कुडाळला घेऊन गेले, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांत पिकलेला सांगितला. उजवा आधी करू म्हणाल्या, खराब झालेलं भिंग काढून तिथं नवी लेन्स बसवू. बाई बिचाऱ्या सरळ. त्यांना काय ठाऊक, लेन्स हा शब्द त्या कुणासमोर उच्चारताहेत. इनासबाब खुर्चीत ताठ झाले. कंपनी कोणती? काचेची की प्लास्टिकची? आत ती कशाच्या आधारानं बसते, आटे असतात की खाच? सैल झाली तर? आधी लावून बघायला मिळते का? बाहेर रांग खोळंबली, मी मान खाली घालून बसले. बाईंनी सगळ्याची उत्तरं दिली. शेवटी म्हणाल्या, आपण लांबचं दिसेल अशी घालू, जवळच्याला चष्मा लावायचा, सगळे तसंच करतात.

इनासबाब उठले. तारीख न घेताच निघाले.

बाजारात आवई उठली की इनासबाब घाबरला. मिलिंद येऊन समजावून गेला, मिठबावचे मास्तर स्वतःचा केलेला डोळा दाखवायला मुद्दाम आले. इनासबाबचं एकच पालुपद, लांबची लेन्स नको. कारण विचारलं तर म्हणायचे, कॅमेऱ्यात डोळा घालून बघायचं तर जवळचंच लागतं, तुम्हाला नाही कळायचं. सगळ्यांनी मान डोलावली. मला ते पटलं नाही, कारण वर्षभरात त्यांनी स्वतः एकही फोटो काढलेला मी बघितला नव्हता.

त्यात दिवाळी तोंडावर, गिऱ्हाइकांची ही गर्दी, आणि माझी मापाची टेप सापडेना. चौकशी केली तर इनासबाब घेऊन गेलेले. न विचारता! मी तरातरा त्यांच्या दुकानातून थेट मागच्या घरात शिरले.

मागच्या खोलीत खिडकीशी इझाबाय बसतात. इझाबाय म्हणजे त्यांची बायको. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मूलबाळ नाही. मी एक दिवसाआड त्यांच्यासाठी काहीतरी डबा घेऊन जायची. दारातच उभी राहायची, "बऱ्या आसात मा?" असं मोठ्यानं ओरडायची, जणू वाचेबरोबर कानही गेलेत, आणि दुकान उघडं आहे म्हणत पळायची.

आत बघते तर इनासबाब त्यांच्यासमोर स्टुलावर बसलेले. टेपचं एक टोक स्वतःच्या भुवईला अंगठ्यानं दाबलेलं, दुसरं इझाबायच्या हनुवटीपाशी. मांडीवर पेजेचा वाडगा.

"दोन फूट दोन इंच," मला बघून ते म्हणाले. ओशाळले नाहीत की काही नाही. "डॉक्टरणीक सांग, माका हेच्यावर फोकस होयो."

मी म्हटलं, एवढ्यासाठी चष्मा मिळतो. त्यांनी वाडगा दाखवला. गरम पेज भरवताना चष्म्यावर वाफ बसते. आणि सकाळी जाग आल्यावर चष्मा शोधेपर्यंत ही काय म्हणाली ते निसटून जातं.

"काय म्हणतली?" माझ्या तोंडून गेलं. "तेंका बोलूक येता खंय?"

"आवाज नाय येणा. ओठ हलतत मा." त्यांनी टेप हळूहळू गुंडाळली. "दिसभर बोलता ती. पूर्वीसारखीच. गणपतीपासून माका तिचा बोलणा दिसाक नाय, शुभा. ती बोलता आणि मी नुसती मान हलयतंय. तिका कळता. आता ती कमी बोलाक लागली."

मी सांगून पाहिलं की लांबचं अंधुक राहील, रस्ता, माणसं, एसटीची पाटी काही वाचता येणार नाही.

"लांबचा बघूक सगळो बाजार आसा," ते म्हणाले. "हिच्याकडे बघणारो मी एकलोच."

टेप मी तिथंच ठेवून आले. दुसऱ्या दिवशी कुडाळला जाऊन डॉक्टरीणबाईंना दोन फूट दोन इंच सांगितलं. त्यांनी आधी हसून घेतलं. मग मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, इंचाची हमी देता येत नाही, पण होईल तेवढं जवळ आणू.

दिवाळीनंतर डोळा झाला. औषधाचे दिवस संपेपर्यंत मी जीव मुठीत धरून होते. लेन्स चुकली असती तर ह्या माणसानं आयुष्यभर कुणाला तोंड दाखवलं नसतं. एका सकाळी डबा घेऊन गेले. नेहमीसारखी दारात उभी राहिले. इनासबाब स्टुलावर होते, बिनचष्म्याचे, हातात चमचा. इझाबायचे ओठ हलत होते. चमचा हवेतच राहिला होता आणि ते बघत होते, एखाद्या लेन्सकडेसुद्धा त्यांना असं बघताना मी कधी पाहिलं नव्हतं. मग ते हसले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी घाबरून म्हटलं, डोळ्याला पाणी लावायचं नाही, डॉक्टरीणबाई ओरडतील.

"माझ्याशी नाय बोलणा ती," ते म्हणाले. "तुझ्याशी बोलता."

"माझ्याशी?"

"तू दारात इलंस की दर वेळी म्हणता. दोन वर्सां म्हणता, पण मी सांगीपर्यंत तू पळतंस. आज माका परत दिसला म्हणान सांगतंय." त्यांनी इझाबायकडे बघितलं, पुन्हा एकदा ओठ हलले, आणि त्यांनी ते जसंच्या तसं मला सांगितलं. "बस गो शुभा. उबी कित्याक?"

दुकान उघडं होतं. दोन गिऱ्हाइकं काउंटरशी थांबलेली होती. मी चप्पल काढली, आत गेले, आणि इझाबायच्या समोर जमिनीवर बसले, त्यांचे ओठ मलाही दिसतील इतक्या जवळ.