आप्पांच्या विहिरीचं रीडिंग

यवतच्या एका लग्नात रघूआप्पांनी पंगतीतल्या पाण्याच्या जगमध्ये मीटर बुडवला आणि मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "ह्ये पानी कुनी पिऊ नका!" कुणी प्यायलं नाही. सगळी पंगत मठ्ठ्यावर तुटून पडली, आणि जिलेबी यायच्या आत मठ्ठा संपला. वधूपिता आजही आप्पांना रामराम करत नाही.

हा मीटर पेनाएवढा असतो आणि पाण्यात किती क्षार विरघळलेत त्याचा आकडा दाखवतो. इतर लोक खिशाला पेन लावतात, आप्पा मीटर लावतात. दौंडच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेतले शिपाई म्हणून त्यांनी तीस वर्षं काढली. प्रयोग इतरांनी करायचे आणि बाटल्या आप्पांनी धुवायच्या, अशी कामाची वाटणी होती. निवृत्त होऊन कासुर्डीला परतल्यावर मात्र त्यांनी दोन्ही खाती स्वतःकडे घेतली.

मी त्यांचा शेजारी. माझा धंदा जारच्या पाण्याचा, म्हणजे संशोधनाचा शत्रू भिंतीला भिंत लावूनच राहतो. रोज सकाळी टेम्पो निघताना आप्पा एक जार उघडायला लावायचे, मीटर बुडवायचे, वहीत आकडा लिहायचे आणि म्हणायचे, "मेलेलं पानी हाय तुझं. पन स्वच्छ हाय, कबूल." एवढं कौतुक माझ्या वडिलांनीही कधी केलं नाही.

आप्पांच्या विहिरीचं पाणी काही वर्षांपूर्वी पिवळं पडलं, वास मारायला लागलं. कुणामुळे, यावर गावात चार पक्ष आहेत, आणि चारही पक्षांच्या शेतातलं खताचं पाणी त्याच विहिरीकडे उतरतं. त्या पाण्यानं अंघोळ करून इंदूकाकींच्या, म्हणजे आप्पांच्या बायकोच्या, अंगावर पुरळ उठलं. औषधं झाली, मलमं झाली. शेवटी त्या शिरूरला लेकीकडे गेल्या आणि तिथं महिन्याभरात बऱ्या झाल्या. गाव म्हणतं, नवऱ्याच्या मीटरला कंटाळून गेल्या. आप्पा म्हणायचे, "पानी पास झालं की येनार हाय. तसं ठरलंय आमचं."

मग पाणी पास करण्याचा उद्योग सुरू झाला. आप्पा गुऱ्हाळावरून उसाची चिपाडं आणायचे आणि बंद पिंपात जाळून त्यांचा कोळसा करायचे. आमच्या दोरीवरचे पांढरे कपडे त्या संशोधनात आपोआप सहभागी झाले. कोळसा, वाळू आणि विटांचे तुकडे भरलेली पिंपं एकावर एक चढली. विहिरीचं पाणी वरून सोडायचं आणि सगळ्यात खालच्या पिंपात चांगलं पाणी जमायचं, निदान तशी योजना होती. दारावर पाटी लागली : 'संशोधन चालू आहे. उगाच सल्ला देऊ नये.' होईल का हे, असं विचारलं की ठरलेलं उत्तर, "रीडिंग घेतल्याबिगार बोलू नये." पाऊस पडेल का, यालाही हेच. पुतण्याला मुलगी पसंत आहे का, यालाही हेच.

एक दिवस तालुक्याचे साहेब आणि एक प्राध्यापक हा प्रकल्प बघायला येणार असं ठरलं. गावानं मांडव घातला, हार मागवले. सरपंचांना मात्र घाम फुटला. "पाव्हन्यानं पेला तोंडाला लावला आन् तिथंच ओकला म्हंजी?" आमच्याकडे विज्ञान नापास झालं तरी चालतं, पाहुणचार नापास होऊन चालत नाही. सकाळी आप्पा दाढीला गेलेले बघून आम्ही खालचं पिंप रिकामं केलं आणि त्यात माझे आठ जार ओतले. पुण्यकर्म केल्यासारखे हात झटकून मांडवात येऊन बसलो.

प्राध्यापकांनी तपासलं आणि म्हणाले, "वा! हे तर पिण्यायोग्य आहे." टाळ्या पडल्या. आयुष्यात पहिल्यांदा आप्पांनी स्वतः रीडिंग न घेता विश्वास ठेवला. गळ्यात हार तसाच, आणि त्यांनी मांडवातूनच शिरूरला फोन लावला. "इंदे, झालं गं. पास झालं. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे टेम्पोशी आले. माझ्या जारात मीटर बुडवला. मग मला हाताला धरून अंगणात नेलं आणि खालच्या पिंपात बुडवला. दोन्ही आकडे सारखे.

"किती जार वतले?"

"आठ," मी म्हणालो.

आता शिव्या पडणार म्हणून मी मान खाली घातली. शिव्या पडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"वास गेला व्हता रे," आप्पा म्हणाले. "रंग बी गेला व्हता. इरघळलेलं तेवढं जाईना. त्याच्यावरच काम चाललं व्हतं."

मला स्वतःची इतकी लाज याआधी कधी वाटली नव्हती.

त्यांनी आपला फोन माझ्या हातात दिला. "तू सांग तिला. मी बोललो तर म्हनंल, असू दे, हाय त्या पान्यात येते. आन् मला न्हाई म्हनवायचं न्हाई."

मी फोन लावला. पहिल्याच रिंगला काकींनी उचलला. मागं एसटीचा घरघराट होता. मी बोलतोय म्हटल्यावर म्हणाल्या, "गाडीतच बसलीया, सुटंल आता. चौफुल्याला न्यायला या म्हनावं."

"काकी, उतरा," मी म्हणालो. "पाणी नाही झालं अजून. चूक आमची होती, आप्पांची नव्हती."

"थांबा वो, उतरायचं हाय," त्या कंडक्टरला म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "हे जेवलं का, तेवढं सांग."

"जेवले," मी म्हणालो. आप्पांनी सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता.